राजाला दरवर्षी मागायला लावलं, त्याची गोष्ट

इंग्लंडच्या राजाचं मुंडकं उडवलं ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 30 जानेवारी 1649, लंडनची कडाक्याची थंडी, पहिला चार्ल्स दोन शर्ट घालून फाशीतळासारख्या उभारलेल्या त्या मचाणावर आला, कारण थंडीने अंग कापलं तर लोकांना वाटेल राजा घाबरला. वाचताना अंगावर काटा येतो हे खरं. पण माझं उभं आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं, सरकारी लेखा विभागात, तरतूद-मंजुरी-खर्च-ऑडिट हेच केलं, त्यामुळे मला इतिहास वाचताना एक खोड आहे, लढाई आणि मुंडकी बाजूला ठेवून आधी बघायचं की पैसे कुणी दिले, कुणाच्या सहीने दिले, आणि पुढच्या वर्षी परत दिले का. आणि या खोडीपायी माझं मत असं झालंय की राजाचं मुंडकं उडवून इंग्लंडमधली राजेशाही काही आवरली नाही. ती आवरली चाळीस वर्षांनी, एका अगदी रटाळ कारकुनी युक्तीने, आणि ती युक्ती कुणी नीट सांगतच नाही.

आधी थोडं मागे जाऊ. चार्ल्सचं म्हणणं होतं की राजा देवाला उत्तर देतो, माणसांना नाही. ठीक आहे, पण देव सैन्याचा पगार देत नाही ना! तिथली जुनी रीत अशी की राजाने आपल्या जमिनी, जकात वगैरेवर आपलं आपण भागवायचं आणि लढाई निघाली तर पार्लमेंट बोलावून जादा कर मागायचा. चार्ल्सला पार्लमेंटची कटकट नको होती. 1628 ला त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलं की आमच्या संमतीशिवाय कर नाही, आणि पुढच्याच वर्षी भांडण असं पेटलं की राजाच्या हुकमाने सभा उठवू पाहणाऱ्या स्पीकरला सदस्यांनी खुर्चीत दाबून धरलं आणि तेवढ्यात ठराव वाचून घेतले. (आपल्याकडचे गोंधळ बघून नाकं मुरडणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.) त्यानंतर अकरा वर्षं त्याने पार्लमेंट बोलावलंच नाही.

अकरा वर्षं! मग पैसा कुठून? तर जुने कागद उकरून. कधीकाळचे विसरलेले दंड, मक्तेदाऱ्या, आणि सगळ्यात गाजलेला जहाजांचा पैसा. म्हणजे काय तर समुद्रकाठच्या गावांनी संकटात आरमारासाठी द्यायची जुनी वर्गणी, ती याने 1635 पासून देशभर लावली, जिथे समुद्र कुणी डोळ्यानेही पाहिला नाही अशा गावांनासुद्धा. जॉन हॅम्पडन म्हणून एक जमीनदार, त्याच्या नावावर 20 शिलिंग निघाले, त्याला ते सहज परवडत होते पण तो म्हणाला देत नाही, कोर्टात या. बारा न्यायाधीश, सात राजाच्या बाजूने, पाच विरुद्ध. राजा जिंकला खरा, पण सात-पाच असा जिंकला की लोकांनी पाचच मोजले. ज्यांनी ऑफिसात एखादी वसुली 'पूर्वीच्या परिपत्रकानुसार' रेटलेली पाहिली असेल त्यांना हा सगळा प्रकार लगेच कळेल.

मग स्कॉटलंडवर त्याने आपली प्रार्थनेची पोथी लादायला घेतली, ते उठले, लढाई झाली, स्कॉट लोकांचं सैन्य इंग्लंडात घुसून न्यूकॅसलमध्ये बसलं आणि तहात असं ठरलं की तहाचं पक्कं होईपर्यंत त्या सैन्याचा खर्च म्हणून चार्ल्सने रोज 850 पौंड द्यायचे. रोज! इथे देवाने नेमलेला राजा संपला. नोव्हेंबर 1640 मध्ये पार्लमेंट बोलवावं लागलं आणि ते आलं ते अकरा वर्षांचा हिशेब घेऊनच आलं. पुढचं सगळं माहीत असलेलं आहे, जानेवारी 1642 मध्ये राजा शिपाई घेऊन सभागृहात शिरला पाच जणांना पकडायला, ते आधीच पसार, 'पाखरं उडाली' म्हणत रिकाम्या हाताने परत, आणि त्याच वर्षी यादवी युद्ध.

युद्धात पार्लमेंटच्या बाजूने लढलेला सेनापती आणि राजा गेल्यावर सत्तेवर बसलेला क्रॉमवेल, त्याच्यावर मी फार थांबणार नाही. सैन्याच्या जोरावर आलेला माणूस, 1653 मध्ये त्याने स्वतःच पार्लमेंट हुसकून लावलं, सैन्य पोसायला कर लावले ते चार्ल्सच्या करांहून जड, आणि 1658 मध्ये मेला तेव्हा सरकार कर्जात बुडालेलं. म्हणजे राजा नव्हता पण राजाचा प्रश्न होता तसाच होता. दोन वर्षांत लोकांनी चार्ल्सच्या पोराला वाजतगाजत परत आणलं. लंडनला फिरायला गेलो होतो तेव्हा पार्लमेंटच्या बाहेर क्रॉमवेलचा पुतळा पाहिला आणि समोर रस्त्यापलीकडे चर्चच्या भिंतीवर चार्ल्सचं छोटंसं शिर, दोघं एकमेकांकडे बघतायत असं वाटतं, फोटो काढणारे सगळे तेच टिपतात. मला मात्र त्या पुतळ्याची फाइल आवडली. 1890 च्या दशकात पुतळ्यासाठी पैसे मंजूर करायचे तर आयरिश सदस्य खवळले, क्रॉमवेलने आयर्लंडमध्ये केलेल्या कत्तली ते विसरले नव्हते, आणि पार्लमेंटने पैसे दिले नाहीत. शेवटी लॉर्ड रोझबेरींनी नाव न सांगता स्वतःच्या खिशातून दिले. ज्या सभागृहासाठी हा माणूस लढला म्हणतात त्याच सभागृहाने त्याच्या पुतळ्याची तरतूद नाकारली, याहून चांगली श्रद्धांजली मला सुचत नाही.

तर दुसरा चार्ल्स. हा बापापेक्षा हुशार, गोडबोल्या आणि कायम कफल्लक. पार्लमेंटने त्याला वर्षाला 12 लाख पौंड बसतील एवढे कर लावून दिले, पण सुरुवातीची कित्येक वर्षं तेवढे जमलेच नाहीत. आणि इथे आपली मुंबई येते. पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न, हुंड्यात मुंबई, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण पुढे काय झालं? बेट सांभाळायचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त, म्हणून 1668 मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला 10 पौंड भाड्याने. आणि त्या सनदेत मुंबई कायद्याच्या भाषेत लंडनजवळच्या ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीखाली धरलेली आहे, म्हणजे कागदोपत्री माहीम-परळ वगैरे इंग्लंडातल्या एका वाडीचा भाग! आजच्या मुंबईच्या घरभाड्यात हिशेब करू नका, त्रास होईल.

सांगायचा मुद्दा असा की हा राजा पार्लमेंटपुढे हात पसरायला नको म्हणून काहीही करत होता. 1670 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी गुप्त तह करून त्याच्याकडून पैसे घेतले. 1672 च्या जानेवारीत तर सरळ जाहीर केलं की सरकारी खजिना सावकारांची देणी तूर्त देणार नाही. लंडनचे सोनार त्या काळी बँकेचं काम करायचे, लोकांच्या ठेवी राजाला देऊन बसलेले, त्यातले काही पार बुडाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, हिचं पुढे काम आहे. राजाच्या शब्दावर कर्ज देणं म्हणजे काय हे लंडनला तेव्हा कळलं.

1685 मध्ये त्याचा भाऊ दुसरा जेम्स आला, हा कॅथलिक आणि देश प्रॉटेस्टंट. पार्लमेंटने हौसेने त्याला जकातीचं आणि इतर उत्पन्न जन्मभरासाठी मंजूर करून दिलं आणि नेमका व्यापार वाढला, उत्पन्न अपेक्षेपेक्षा भरपूर आलं. मग त्याला पार्लमेंटची गरजच काय? त्याने सैन्य वाढवलं, कायदे आपल्या अधिकारात बाजूला ठेवले, विरोध केला म्हणून सात बिशपांवर खटला भरला, ते सुटले तेव्हा लंडनमध्ये लोकांनी होळ्या पेटवल्या. जून 1688 मध्ये त्याला मुलगा झाला, म्हणजे पुढचाही राजा कॅथलिक, आणि मग सात बड्या लोकांनी जेम्सच्याच जावयाला, हॉलंडच्या विल्यमला, पत्र लिहून बोलावलं. विल्यम नोव्हेंबरमध्ये सैन्य घेऊन उतरला. जेम्स पळाला आणि पळताना त्याने राजमुद्रा थेम्स नदीत टाकून दिली! सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या कृतीतला द्वेष बरोबर समजतो. शिक्का नाही तर पार्लमेंटच्या निवडणुकीचा हुकूमच निघणार नाही, बसा बोंबलत. मग केंटच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी त्याला पकडलं, परत आणलं, आणि विल्यमने शहाणपणाने दुसऱ्यांदा पळू दिलं.

आणि मग फेब्रुवारी 1689. विल्यम आणि त्याची बायको मेरी, म्हणजे जेम्सची मुलगी, यांना गादी द्यायच्या आधी हक्कांचं जाहीरनामापत्र वाचून दाखवलं, त्याचाच त्या वर्षाअखेरीला कायदा झाला. संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात संमतीशिवाय सैन्य नाही, कायदे परस्पर तहकूब करायचे नाहीत, सभागृहात बोललेल्यावर कोर्टात खेचायचं नाही. छान आहे सगळं. पण यातलं बरंचसं 1628 मध्येही लिहून घेतलं होतंच की! चार्ल्सने सही केली आणि वर्षभरात गुंडाळून ठेवलं. लिहून घेतलेल्याला कुणी भीक घालत नाही जोपर्यंत समोरच्याला तुमच्याकडे परत यायची गरज नसते.

पार्लमेंटवाल्यांना ते बरोबर कळलं होतं, जेम्सच्या वेळची चूक डोळ्यासमोर होती. म्हणून या वेळी त्यांनी काय केलं, तर विल्यमला मुद्दाम कमी दिलं. सभागृहात उघड बोलणं झालं की कमी दिलं तर नंतर वाढवता येतं, जास्त दिलं की परत मिळत नाही. जकातीचं उत्पन्न आजवर राजाला जन्मभर मिळायचं, ते विल्यमला फक्त चार वर्षांसाठी दिलं. तो भडकला, म्हणाला जेम्सवर एवढा विश्वास आणि मी तुम्हाला सोडवायला आलो तर माझ्यावर नाही? पण त्याला फ्रान्सशी लढायचं होतं, मोठं युद्ध, त्याला पैसा हवाच होता. आणि सैन्याच्या शिस्तीचा कायदा, ज्याच्याशिवाय पळालेल्या शिपायाला लष्करी शिक्षा देता येत नाही, तो सुरुवातीला काही महिन्यांसाठी आणि मग साधारण वर्षावर्षाच्या मुदतीने करायला लागले. म्हणजे पैसा वर्षाचा, सैन्य वर्षाचं. कुठेही असं लिहिलं नाही की पार्लमेंट दरवर्षी भरलंच पाहिजे, पण 1689 पासून आजपर्यंत एक वर्ष असं गेलं नाही की ते भरलं नाही. एवढंच केलं त्यांनी, मुदत टाकली. नूतनीकरणाची मुदत! ना मचाण ना कुऱ्हाड. आमच्या खात्यात एक वयस्कर साहेब होते, ते म्हणायचे मोठ्या माणसाला नाही म्हणू नये, फाइलवर 'एक वर्षापुरते' लिहावं.

मग हिशेब तपासायला समिती आली, मग राजाच्या घरखर्चाची रक्कम वेगळी काढून ठरवून दिली, 1698 मध्ये 7 लाख पौंड, आणि त्याच सुमारास युद्ध संपल्या संपल्या पार्लमेंटने विल्यमचं इंग्लंडमधलं सैन्य 7,000 वर आणायला लावलं आणि त्याचे लाडके डच गार्ड मायदेशी पाठवायला लावले. जन्मभर लढाया केलेला माणूस, राज्य सोडून जातो म्हणाला एकदा. गेला नाही. 1701 च्या कायद्याने न्यायाधीशांना राजाच्या मर्जीने काढता येईना. 1708 मध्ये राणी ॲनने एक बिल नाकारलं, त्यानंतर आजतागायत तिथल्या कुठल्याही राजाने किंवा राणीने पास झालेलं बिल नाकारलेलं नाही. आणि 1721 मध्ये वॉलपोल, ज्याला पहिला पंतप्रधान म्हणतात, त्याचं पद काय होतं? खजिन्याचा पहिला लॉर्ड. दहा डाउनिंग स्ट्रीटच्या दारावरच्या पितळी पत्रपेटीवर आजही हेच पद कोरलेलं आहे. पंतप्रधान म्हणजे मुळात अकाउंट्सचा माणूस, हे मी आमच्या निरोप समारंभात सांगितलं होतं तेव्हा फार टाळ्या पडल्या होत्या.

आता खरी गंमत कर्जाची. 1694 मध्ये बँक ऑफ इंग्लंड काढली, लोकांकडून 12 लाख पौंड जमवून सरकारला 8 टक्क्यांनी द्यायचे. दोन आठवड्यांच्या आत सगळी रक्कम उभी राहिली. बावीस वर्षांपूर्वी ज्या गावात राजाने सोनारांना बुडवलं त्याच गावात! कारण या वेळी व्याजाची हमी राजाची नव्हती, अमुक अमुक कराच्या उत्पन्नातून व्याज देऊ असा कायदा पार्लमेंटने केलेला, आणि पार्लमेंटमध्ये बसलेले लोक कर्ज देणाऱ्यांच्याच जातकुळीतले. राजा मरतो, पळतो, शिक्का नदीत टाकतो. सभागृह मरत नाही. अधिकार कमी झालेल्या राजाला अमर्याद राजापेक्षा जास्त कर्ज मिळायला लागलं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

आणि इथे मला साताऱ्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. तारखा बघा. 1713 ला शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली, 1714 ला इंग्लंडात जर्मनीहून आलेला पहिला जॉर्ज, 1720 ला बाजीराव, 1721 ला वॉलपोल. दोन्हीकडे राजाचा अधिकार सरकत सरकत प्रधानाकडे चालला होता. 1750 ला सांगोल्याला शाहूंनंतरचे छत्रपती रामराजे यांनी कारभार पेशव्यांना लिहून दिला. मग फरक कुठे पडला? मला वाटतं, फरक पैसा कुठे जमायचा यात होता. 1719 च्या सनदांनंतर चौथाईची जी वाटणी बसली तिच्यात बाबती म्हणजे चौथा हिस्सा छत्रपतींचा, आणि उरलेल्या मोकाशाचा मोठा भाग ज्या त्या सरदाराकडे, त्यावर त्याने आपली फौज ठेवायची. म्हणजे पैसा एका ठिकाणी येतच नव्हता, मग तो मागायला एका ठिकाणी जायचा प्रश्नच नाही. राजाला कुणापुढे उभं राहावं लागलं नाही, पेशव्याला कुणाच्या मंजुरीची गरज नव्हती, सरदार तर आपल्या मुलखात राजेच. अधिकार छत्रपतींच्या घरातून निघाला तो दुसऱ्या एका घरात गेला, सभेत आला नाही.

त्याची किंमत बाजीरावांनी मोजली. आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना त्यांनी कर्जाबद्दल लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजायची वेळ आली या अर्थाचं. अर्धा हिंदुस्थान ज्याच्या घोड्यांच्या टापांना घाबरायचा तो माणूस! कारण कर्ज त्याच्या स्वतःच्या शब्दावर होतं, मोहीम फसली किंवा माणूस गेला तर सावकार बुडाला, म्हणून सावकार दार सोडत नव्हता. तिकडे विल्यम काही फार मोठा सेनापती नव्हता, बाजीरावांच्या पासंगालाही पुरला नसता, पण त्याला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही, वर्षातून एकदा भाषण करावं लागलं.

म्हणून इंग्लंडचं फार कौतुक करायचं असंही नाही. ते पार्लमेंट म्हणजे जमीनदार आणि बड्या व्यापाऱ्यांचं, कॅथलिकांना मज्जाव, बायकांचा प्रश्नच नव्हता. आयर्लंडला 1689 च्या क्रांतीत युद्ध आणि नंतर कॅथलिकांना चिरडणारे कायदे मिळाले. आणि गुलामांचा व्यापार आधी राजाच्या सनदेच्या एकाच कंपनीचा मक्ता होता, 1698 मध्ये पार्लमेंटने तो मोडून 10 टक्के कर घेऊन सगळ्या इंग्रज व्यापाऱ्यांना खुला केला, व्यापाऱ्यांचं स्वातंत्र्य म्हणून, आणि त्यानंतर तो धंदा प्रचंड वाढला. राजाला वेसण घातली म्हणजे ज्याच्या हातात दोर आला तो सज्जन असतो असं थोडंच आहे.

त्या पार्लमेंटचा हा अनुभव आपल्या माणसांपैकी अंगावर घेतला तो रंगो बापूजींनी. 1839 मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथे राहिले. अर्ज, भाषणं, कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटच्या सदस्यांच्या भेटीगाठी. बाजूने बोलणारे भेटलेही, जोसेफ ह्यूमसारखे. पार्लमेंटने सातारा प्रकरणाचे जाडजूड कागद छापले. दरम्यान 1847 मध्ये महाराज काशीला वारले, 1848 मध्ये साताराच खालसा झाला. माझ्या हिशेबी डोक्याला यात एकच गोष्ट दिसते. पार्लमेंट आपल्या राजाला विचारू शकत होतं कारण त्याला पैसा तिथून घ्यावा लागे. कंपनीचा इथला खर्च इथल्या शेतसाऱ्यातून चालायचा, त्याला दरवर्षी तिथे मत पडत नव्हतं, मग तिथे कुणाला जाब विचारायची निकड कशाला वाटेल?

कंपनी गेल्यावरही हीच मेख ठेवली. भारतमंत्री हा ब्रिटिश मंत्रिमंडळातला मंत्री, लंडनमध्ये बसणारा, पण त्याचा पगार भारताच्या महसुलातून. बाकी मंत्र्यांच्या पगाराची मागणी आली की पार्लमेंटमध्ये त्यांना धारेवर धरता यायचं, याच्या पगाराला तिथे मत घ्यायची गरजच नव्हती. 1919 च्या कायद्यापर्यंत हे असंच चाललं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना हे पुरतं कळलेलं होतं. 1897 मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे ते लंडनला जाऊन साक्ष देऊन आले आणि मार्च 1902 पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात दरवर्षी बजेटवर बोलायला उभे राहिले. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं, यांनी आकडे मांडून दाखवलं की शिल्लक पडते कारण लोकांकडून गरजेपेक्षा जास्त काढताय, मिठावरचा कर कमी करा. 1903 मध्ये तो अडीच रुपयांवरून मणामागे दोन रुपये झाला. पण कौन्सिलाचे नियम असे की सदस्यांनी बजेटवर चर्चा करायची, मतदान नाही. गोखल्यांचं भाषण संपायचं, सरकारी सदस्य त्यांच्या अभ्यासाची तारीफ करायचे, आणि बजेट जसं आलं तसं लागू व्हायचं.